आपल्या नावावर कोण कमावतंय?

“अपना क्या कमाई है भाई, जो इन्कमटॅक्सवाला आएंगा?” हे वाक्य मेहकरच्या आमच्या मोहल्ल्यात मी इतक्यांदा ऐकलंय की आता कानावर पडलं तरी डोकं फिरतं. म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. कर लागण्याइतकं त्याचं उत्पन्न नसतंच. आणि नेमकं म्हणूनच त्याचं पॅन कार्ड चोराच्या कामाचं असतं.

ज्याचा धंदा मोठा, त्याच्याकडे सीए असतो. त्याच्या मोबाईलवर मेसेज येतात, तो पोर्टल उघडून बघतो. त्याच्या नावावर कुणी खोटं रिटर्न भरलं तर त्याला लवकर कळतं, आणि कळल्यावर वकीलही परवडतो. ज्याच्या पॅनवर आजवर काहीच घडलेलं नाही, त्याच्या नावावर तीन-तीन वर्षं काहीही करा, कुणी विचारायला येत नाही. ती कोरी पाटी असते. आपल्या वस्त्यांत अशा कोऱ्या पाट्या घरोघर आहेत, आणि त्यावर दुसराच कुणीतरी लिहून राहिलाय.

मी मेहकरात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात रिटर्न भरायचं काम करतो. जून-जुलैत श्वास घ्यायला फुरसत नसते. आमच्याकडे येणारे बहुतेक शिक्षक, दुकानदार, आडतवाले. गेल्या चार-पाच वर्षांत मात्र वेगळेच लोक जिना चढायला लागलेत: सेंट्रिंगवाले, गॅरेजवाले, ट्रकवर जाणारे, शिवणकाम करणाऱ्या बाया. हे रिटर्न भरायला येत नाहीत. आपल्या नावावर कुणीतरी ते आधीच भरून ठेवलंय, ते काय प्रकरण आहे हे विचारायला येतात.

एक सेंट्रिंगवाला भाऊ आला होता. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी कर्ज मिळतं का, हे बघायला तो बँकेत गेला. तिथं त्याला सांगितलं गेलं, तुमचे तर तीन वर्षांचे रिटर्न आहेत, चांगलंय. हा चाट पडला. माझ्यासमोर बसून म्हणाला, “मी त जिंदगीत रिटर्न पाह्यलं नाही, कोण भरलं?” उघडून बघितलं तर हा गडी कागदावर कापडाचा व्यापारी. उत्पन्न दरवर्षी चढतं. तिसऱ्या वर्षी तर कापलेला कर परत मागून काही हजारांचा परतावाही उचललेला, तोही त्याच्याच नावाच्या, पण त्यानं कधी न पाहिलेल्या खात्यात. पोर्टलवरचा मोबाईल नंबर भलत्याचाच. ईमेल म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची खिचडी. आठवून आठवून त्यानं सांगितलं की काही वर्षांपूर्वी ऑटो घ्यायला कर्ज काढून देतो म्हणून एका एजंटानं आधार, पॅन, दोन फोटो, अंगठा आणि फाईलचे दोन हजार घेतले होते. कर्ज आलं नाही. एजंट फोन उचलेना. हा विसरून गेला. एजंट विसरला नव्हता.

ती ईमेलची खिचडी नीट लक्षात ठेवा, कारण ती काही एकट्या मेहकरची गोष्ट नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्यानं देशभरात १५० ठिकाणी छापे टाकले. खोट्या वजावटी दाखवून परतावे काढून देणारे एजंट आणि दलाल हे लक्ष्य होतं. खात्याच्या त्या दिवशीच्या निवेदनात एक बारीक तपशील होता: एकगठ्ठा रिटर्न भरण्यासाठी हे लोक तात्पुरते ईमेल पत्ते बनवतात आणि नंतर सोडून देतात, त्यामुळं खात्याच्या नोटिसा कुणी वाचतच नाही. म्हणजे नोटीस निघते, “पोहोचली” अशी नोंद होते, मुदत संपते, आणि ज्याच्या नावाची ती आहे तो तेव्हा कुठंतरी स्लॅब भरत असतो. त्याच निवेदनात असंही होतं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले. यातले अनेक जण कमिशनच्या लोभानं सामील झालेले नोकरदार असतील, त्यांची मला दया येत नाही. मी त्यांच्याबद्दल बोलतोय ज्यांना दाव्याचा पत्ताच नव्हता.

ही चोरी तीन-चार वाटांनी होते, आणि त्या समजून घेतल्याशिवाय राग नुसता वाफ होऊन जातो.

एक वाट वर सांगितली. दुसरी बँकेची. जानेवारी २०२० मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या आंबिवलीच्या एका मजुराची बातमी आली होती. दिवसाला तीनशे रुपये मजुरी, झोपडपट्टीत घर, आणि हातात १ कोटी ५ लाखांची आयकराची नोटीस. २०१६ च्या नोटाबंदीच्या काळात त्याच्या नावाच्या खात्यात ५८ लाख रुपये जमा झाले होते. खात्याला जोडलेलं पॅन त्याचं होतं. फोटो आणि सही आपली नाही, असं त्यानं सांगितलं. ५८ लाखांवर कोटभर कर कसा, असं कुणी विचारेल. नोटाबंदीनंतर, २०१६ च्या डिसेंबरात, हिशोब न देता येणाऱ्या पैशावरचा कर ६० टक्के केला गेला. अधिभार आणि उपकर धरून तो ७७ टक्क्यांच्या वर जायचा. त्यावर व्याज, त्यावर दंड. काळा पैसा बाहेर काढायला आणलेली ही तलवार पडली ती मजुराच्या मानेवर, कारण ज्यानं पैसा पांढरा केला त्यानं मान म्हणून मजुराचीच पुढं केली होती.

तिसरी वाट जीएसटीची, आणि आपल्या भंगार, वेल्डिंग, गॅरेजवाल्या लोकांना सगळ्यांत धोकादायक तीच. तुमच्या पॅन-आधारवर एक कागदी फर्म काढायची, माल न हलवता नुसती बिलं फाडायची, त्या बिलांवर दुसऱ्यानं कराची सूट घ्यायची, आणि चौकशी आली की फर्मच्या मालकाच्या घरी जायचं. मालक म्हणजे तुम्ही. ऑक्टोबर २०२१ मध्ये मथुरेच्या एका सायकलरिक्षा ओढणाऱ्या माणसाला ३ कोटी ४७ लाखांची नोटीस आली. त्याच्या नावावर जीएसटी नंबर निघाला होता, २०१८-१९ ची उलाढाल ४३ कोटींवर. बँकेनं पॅन मागितलं म्हणून हा माणूस जनसुविधा केंद्रात गेला होता. त्याच्या हातात पडली ती पॅनची रंगीत झेरॉक्स. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळं असली आणि झेरॉक्स यातला फरक कळला नाही.

त्याहून बेरकी प्रकार २०२३ च्या सुरुवातीला गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात, पालिताण्यात उघड झाला. सरकारी योजनेचा फायदा मिळवून देतो म्हणून गोरगरिबांना आधार केंद्रावर नेलं, तिथं त्यांच्या आधारचा मोबाईल नंबरच बदलून टाकला, आणि मग ओटीपी आपल्या फोनवर घेऊन त्यांच्या नावानं जीएसटी नोंदण्या काढल्या. “ओटीपी कुणाला सांगू नका” हे पोस्टर सगळीकडे लावलेलं असतं. इथं ओटीपी कुणी सांगितलाच नव्हता. तो थेट चोराकडेच जात होता. याच वर्षी १६ मे ते १५ जुलै या दोन महिन्यांत केंद्र आणि राज्यांनी मिळून जीएसटी नोंदण्यांची झाडाझडती घेतली, तेव्हा २१,७९१ नोंदण्यांच्या पत्त्यावर काहीच सापडलं नाही. संशयित करचुकवेगिरी २४,०१० कोटींची. या कागदी फर्म ज्यांच्या नावावर निघतात, त्यांत आपले किती, कुणी मोजलंय?

चौथी वाट छोटी आहे, पण आपल्याकडे सर्रास चालते: एखाद्या कंत्राटदारानं हजेरीपटासाठी मजुरांचे पॅन गोळा करायचे आणि न दिलेला पगार त्यांच्या नावावर खर्ची टाकायचा. त्याचा नफा कागदावर कमी होतो, तुमचं उत्पन्न कागदावर वाढतं.

“वाढू दे ना, आपल्याला कुठं भरायचंय,” असं म्हणणाऱ्यांनी इथं थोडं थांबावं. कोटीची नोटीस पेपरात येते. पेपरात न येणारं नुकसान जास्त मोठं आहे. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबाच्या रेशनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये हवेत तर कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे आणि घरात कुणी आयकर भरणारं नको. मागच्या वर्षी आयकर भरलेल्या शेतकऱ्याला पीएम किसानचा हप्ता नाही. शिष्यवृत्त्या, फी माफी, सगळीकडे उत्पन्नाची अट. आता हे सगळे डेटाबेस एकमेकांशी बोलायला लागलेत. तुमच्या अब्बांच्या नावावर कुणी साडेचार लाखांचा कापडाचा धंदा दाखवला, तर त्याचा धक्का अम्मीच्या हप्त्याला, घरच्या रेशनला आणि तुमच्या प्रवेशाला बसू शकतो. आणि कारण विचाराल तर स्क्रीनवर एक ओळ: उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त. हे दाखवलेलं उत्पन्न तुमच्या घरात कधी आलंच नाही, त्यामुळं तुटलेल्या गोष्टीचं आणि त्या जुन्या झेरॉक्सचं नातं कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता जरा आपल्याकडे वळतो, आणि हे टोचणार आहे.

डिसेंबर २०१९ आठवा. नागरिकत्वाचा कायदा झाला, एनआरसीची भीती पसरली, आणि महिनाभरात आपल्या प्रत्येक घरात एक प्लास्टिकची फाईल तयार झाली. आजोबांचा शाळेचा दाखला, जुनी खरेदीखतं, मतदार यादीची नक्कल. आपल्याकडे नावं शेख अमुक शेख तमुक अशी. आधारवर एक, टीसीवर दुसरं, पॅनवर आडनावाच्या रकान्यात तिसरंच. ती सगळी स्पेलिंगं जुळवायला लोक सेतू केंद्रांवर रांगा लावून उभे राहिले. २०२५ च्या जानेवारीत उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यांवर राज्य सरकारनं एसआयटी नेमली, तेव्हा पुन्हा तीच धावपळ. ही भीती खरी होती, मी तिला हसत नाही. पण त्या धावपळीत आपल्याला एकच सवय लागली: कुणीही मागो, कागद दाखवायचा. जितका कागद जास्त दाखवू तितके आपण सुरक्षित, असं वाटायला लागलं. कोण मागतोय, कशाला मागतोय, दिलेल्या झेरॉक्सचं पुढं काय झालं, हे विचारायची सवय मात्र कुणी लावली नाही. “नाव दुरुस्त करून देतो” म्हणत त्या काळात जे जे टेबल मांडून बसले, त्यांच्याकडे आपल्या अख्ख्या मोहल्ल्याचे कागद, अंगठे आणि मोबाईल नंबर गेलेत. त्यातले बरेच जण प्रामाणिक होते. सगळेच होते, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकेल?

आणि हे टेबलवाले परके नव्हते. आपल्याच गल्लीतले, आपल्याला सलाम करणारे, कुणाचा भाचा, कुणाचा साडू. म्हणून तर खालांनी अंगठा दिला. आपण अमानत हा शब्द भाषणात फार वापरतो. शेजारणीनं विश्वासानं हातात दिलेलं आधार कार्ड ही अमानत नाही तर काय आहे? पकडलेल्या एजंटासाठी जेव्हा मोहल्ल्यातले चार बुजुर्ग “जाने दो, अपनाच बच्चा है” म्हणत ठाण्यात जाऊन बसतात, तेव्हा ज्याच्या नावावर त्यानं धंदा उघडला तो सेंट्रिंगवाला कुणाचा बच्चा असतो?

कॉलेजच्या पोरांनाही सोडणार नाही. खातं भाड्यानं देणं हा आता उघड धंदा झालाय. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम द्या, काही हजार घ्या, कशाला वापरतात ते विचारू नका. ही चोरी सहन करणारा नव्हे, चोरीला दार उघडून देणारा आहे. ज्या दिवशी त्या खात्यातून कुणा म्हाताऱ्याची पेन्शन जाईल, त्या दिवशी पोलीस आधी तुमच्याच घरी येतील. “मला माहीत नव्हतं” हे तेव्हा चालणार नाही, कारण पैसे घेताना तुम्ही विचारलंच नव्हतं.

मालेगावचं प्रकरण अजून ताजं आहे. नोव्हेंबर २०२४, विधानसभेची निवडणूक तोंडावर. बाजार समितीत नोकरी लावतो म्हणून बेरोजगार तरुणांकडून आधार, पॅन घेतलं, त्यांच्या नावानं सहकारी बँकेत खाती उघडली आणि त्यांतून शंभर कोटींहून जास्त रक्कम फिरवली, अशी तक्रार एका व्यापाऱ्याविरुद्ध झाली. ईडीनं छापे घातले. आरोपी मुसलमान. मग काय, काही नेत्यांनी त्याला लगेच “व्होट जिहाद” हे नाव देऊन टाकलं आणि चार दिवस टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. आरोपाचा निकाल न्यायालय लावेल. मला बोलायचंय ते त्या पोरांबद्दल. तक्रारीत ज्यांच्या खात्यांची नावं आली त्यांत हिंदू पोरं होती, आपल्यासारखीच नोकरीच्या आशेनं कागद देऊन बसलेली. त्या गदारोळात त्यांचं काय झालं, त्यांच्या पॅनवर आता काय दिसतं, उद्या त्यांना कराची नोटीस आली तर उत्तर कोण देणार, हे कुणीच विचारलं नाही. ज्यांना जिहाद दिसला त्यांनी नाही, आणि “आपल्या माणसाला अडकवलं” म्हणणाऱ्या आपल्या लोकांनीही नाही. बेकार पोराच्या कागदावर जो डल्ला मारतो त्याचा धर्म काढून फायदा दोघांनाही होतो: एकाला मतं मिळतात, दुसऱ्याला सहानुभूती. आपल्या चळवळीनं तरी आधी त्या पोरांच्या बाजूनं उभं राहायला हवं होतं.

आता सरकारकडे. खरा हिशोब तिथंच मांडायचाय.

आयकराचं मूल्यांकन २०२० पासून फेसलेस झालं. तुमची फाईल देशात कुठल्या अधिकाऱ्याकडे आहे हे तुम्हाला कळत नाही, त्याला तुम्ही दिसत नाही. लाचखोरी थांबावी म्हणून हे केलं, आणि व्यापाऱ्यांना त्याचा फायदा झालाही असेल. पण ज्याच्या बाबतीत “मी तो नव्हेच” एवढंच सांगायचंय, त्याला सांगायला खिडकीच उरली नाही. त्यानं काय करायचं? लॉगिन करायचं. लॉगिनला मोबाईल नंबर लागतो. नंबर चोराचा आहे. म्हणजे चोरी झाली हे सांगायलाही आधी चोराचा ओटीपी पाहिजे! यातून मार्ग निघतो, आधारचा नंबर ठीक असेल तर आधार ओटीपीनं पासवर्ड बदलता येतो. पण हे मला माहीत आहे कारण माझं पोट त्यावर चालतं. स्लॅबवरून उतरलेल्या माणसानं हे कुठून शिकावं?

आणि सिद्ध करायचं ओझं कुणावर? ज्याच्या नावावर पैसा सापडला त्यानंच सांगायचं की हा पैसा कुठून आला. व्यापाऱ्यासाठी हा नियम योग्य आहे. मजुराला मात्र तो असं म्हणतो: जे तू केलं नाहीस त्याचा हिशोब दे. १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला. कलमांचे आकडे बदलले, ओझं जिथल्या तिथं. दुसऱ्याचं पासवर्ड, सही किंवा ओळख चोरून वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण आयकर खातं आणि हे कलम एकमेकांना ओळखत नाहीत. ठाण्यातला गुन्हा वेगळ्या टेबलावर, कराची मागणी वेगळ्या टेबलावर, आणि मधल्या काळात वसुली चालू.

अमेरिकेत ही चोरी इतकी वाढली की तिथल्या कर खात्याला त्यासाठी वेगळा अर्ज काढावा लागला. नंबर १४०३९: माझ्या ओळखीची चोरी झाली आहे, असं प्रतिज्ञापत्र. शिवाय मागेल त्याला दरवर्षी नवा सहा अंकी गुप्त क्रमांक मिळतो. तो टाकल्याशिवाय त्याच्या नावाचं ऑनलाईन रिटर्न स्वीकारलंच जात नाही. तिथंही लोक महिनोन्महिने खेटे घालतात, तो देश काही जन्नत नाही. पण निदान तक्रारीला नाव आणि कागद आहे. आपल्याकडे चोरीला गेलेलं पॅन पुन्हा छापून मिळतं. चोरीला गेलेल्या ओळखीसाठी वेगळा रकानाच नाही. आणि खात्याच्या आतली तिजोरी तरी किती पक्की? मुंबईत आयकर खात्यातल्याच एका कर्मचाऱ्यावर वरिष्ठांचे लॉगिन वापरून सुमारे २६४ कोटींचे खोटे परतावे काढल्याचा आरोप आहे. सीबीआय आणि ईडी दोघांनी ते प्रकरण हातात घेतलं. साहेबांचं लॉगिन चोरीला जाऊ शकतं, मग खालांचा अंगठा काय चीज आहे.

इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये आमच्या मेहकरबद्दल लिहिलंय की इथले मोमीन विणकर एके काळी इतके सुखवस्तू होते की गावाभोवती तट बांधायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. तो पैसा गेला, पण एकत्र येऊन पहारा द्यायला पैसा फार लागत नाही. शिकलेल्या चार पोरापोरींनी अभ्यासिकेत एक लॅपटॉप घेऊन महिन्यातून एक रविवार बसायचं. आलेल्या माणसाचं आयकर पोर्टल त्याच्याच मोबाईलवर उघडून द्यायचं, नंबर आणि ईमेल त्याचा करून द्यायचा, आणि २०२१ पासून मिळणारं एआयएस म्हणजे वार्षिक माहिती विवरण त्याला वाचून दाखवायचं. कुणी त्याच्या नावावर पगार दाखवला, कर कापला, अनोळखी बँकेचं व्याज पडलं, ते तिथं दिसतं, आणि प्रत्येक ओळीवर “ही माहिती माझी नाही” असं नोंदवताही येतं. जीएसटीच्या पोर्टलवर तर लॉगिनही लागत नाही: करदाता शोधा, पॅनवरून शोधा, आणि नाव निघालं तर सावध व्हा. आधारचा अंगठा लॉक करता येतो, मागच्या सहा महिन्यांत तो कुठं वापरला गेला ते बघता येतं. झेरॉक्स द्यायचीच तर तिच्यावर आडवी रेघ मारून कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला दिली ते लिहायचं; लिहिलं म्हणून रागावणाऱ्याला झेरॉक्स द्यायचीच नाही. आणि खालांनो, बाजी, हे तुम्हालाही: अंगठा ठेवण्याआधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.

चोरी सापडलीच तर गप्प बसू नका, आणि एजंटाकडे मांडवलीला तर मुळीच जाऊ नका. १९३० वर फोन, सायबरची ऑनलाईन तक्रार, आणि ठाण्यात लेखी अर्ज. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. ठाण्यात घेईनात तर बुलढाण्याला पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा, कायदा तशी सोय देतो. त्या पोचेची प्रत जोडून आयकराच्या मागणीवर “असहमत” हे उत्तर मुदतीच्या आत टाका. नोटीस खोटी आहे म्हणून तिला उत्तर द्यायचं नाही, हा विचार फार महागात पडतो. उत्तर नाही म्हणजे खात्याच्या लेखी कबुली. त्या सेंट्रिंगवाल्या भावाचं आम्ही हेच सगळं केलं. नंबर बदलला, तक्रार दिली, परताव्याचं रिटर्न आपलं नाही असं कळवलं. त्यासाठी त्यानं चार दिवसांची मजुरी बुडवली. निकाल अजून आलेला नाही.

म्हणून आमदार-खासदारांकडे निवेदन घेऊन जाल तेव्हा “अन्याय दूर करा” असलं गोलमोल लिहू नका. नेमकं मागा. ओळखचोरीचा एक वेगळा अर्ज, मराठीत, आयकर आणि जीएसटी दोन्हींना चालणारा. तो तालुक्याच्या सेतू केंद्रात हातानं देता यावा. अर्ज आणि पोलिसांची पोच दिल्याबरोबर वसुली थांबावी, आणि ठरलेल्या मुदतीत खात्यानंच दाखवून द्यावं की हा माणूस तो आहे: खात्यावरचा फोटो, सही, अंगठा, आयपी पत्ता, हे सगळं सरकारला मागवता येतं, मजुराला येत नाही. खोट्या रिटर्नमुळं बंद पडलेलं रेशन आणि हप्ते चौकशी होईपर्यंत चालू राहावेत.

यावर अधिकारी काय म्हणतील ते मला माहीत आहे. असा अर्ज काढला तर खरे करबुडवेही “ओळख चोरीला गेली” म्हणत त्यात लपतील. लपू द्या की. त्यांना शोधायला खात्याकडे सगळी यंत्रणा आहे. फोटो आणि सही जुळली की दोन दिवसांत उघडे पडतील, आणि खोट्या प्रतिज्ञापत्राची शिक्षा वर. आज मात्र तोच माणूस लपलाय, आणि लपायची जागा म्हणून त्यानं आंबिवलीतला मजूर, मथुरेतला रिक्षावाला आणि आमच्या मोहल्ल्यातला सेंट्रिंगवाला निवडलाय. त्याला तिथून बाहेर ओढायला खात्याला अर्जाच्या एका कागदाची अडचण वाटत असेल, तर ती अडचण कुणाच्या सोयीची आहे हे खात्यानं एकदा लेखी सांगावं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.